डाव्या पायात उजवा

पाहुणे आत येऊन बसले की मी दारात जाते आणि त्यांच्या चपला उलट्या करून बघते. सवय वाईट आहे, हे मला कोणी सांगायला नको. नवरा म्हणतो, “अगं, लोकांना वाटेल तुझा डोळा आहे त्यांच्या चपलांवर.” वाटू दे. वाळूजच्या एका चपलांच्या कारखान्यात मी तपासणीच्या टेबलावर उभी राहते आणि मला पगार मिळतो तो संशय घेण्याचा. समोर आलेली जोडी वाईटच आहे असं धरून चालायचं आणि चांगली निघाली तर नाइलाजानं खोक्यात घालायची, असं आमचं काम.

कारखान्यात डाव्या पायाचे तळ एका साच्यातून निघतात, उजव्या पायाचे दुसऱ्या. वरचे पट्टे तिसरीकडेच कापले जातात. डावा आणि उजवा पहिल्यांदा एकमेकांना भेटतात ते आमच्या टेबलावर. आमच्याकडे जोडी जन्माला येत नाही, स्थळ बघून लग्न लावावं तशी ती लावली जाते. एखाद्या दिवशी घाईत दोन्ही डावेच एका खोक्यात जातात, आणि ते खोकं गिऱ्हाइकाच्या घरी पोचलं की शिव्या आम्हाला बसतात. त्यामुळे डावा-उजवा बघणं माझ्या अंगातच भिनलंय. रस्त्यानं चालताना मी माणसांच्या तोंडाकडे नंतर बघते, आधी पायाकडे.

आणि शिलाई. चपलेच्या कडेनं जी पांढरी शिलाई दिसते, ती पुष्कळदा शिलाई नसतेच. साच्यातच टाक्यांचे खळगे केलेले असतात, मागाहून त्यावरून रंग फिरवतात. त्यात दोरा नाही, सुई नाही. तळाला धरून ठेवतं ते सोल्युशन; टाके नुसते दिसण्यापुरते. हे रोज बघितल्यावर माणसाचा नीट दिसणाऱ्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास बसत नाही, आणि मी हे फक्त चपलांबद्दल म्हणत नाही.

मागच्या दिवाळीनंतर माझे वडील माझ्याकडे राहायला आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते देवगाव रंगारीला एकटेच राहतात. आई जाऊन बरीच वर्षं झाली. घर लहानसं, मागं थोडी जमीन, तिच्यात अद्रक. डोळ्यात मोतीबिंदू झाला होता, त्याचं ऑपरेशन इथं करायचं ठरलं. थैलीत कपड्यांच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या त्यांच्या जुन्या वहाणा होत्या. एका वहाणेचा अंगठा तुटला होता. शहरात कोणीतरी जोडून देईल, म्हणून रबरी स्लिपर घालून, वहाणा थैलीत टाकून ते आले होते.

गावात ते काम करणारं कोणी उरलं नाही. ज्यांनी त्या वहाणा केल्या ते गेले. त्यांच्या मुलाचं गावात पंखे-मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. अण्णा वहाण घेऊन त्याच्याकडे गेले तर तो म्हणाला, “काका, ते काम आमच्या बापासंगं गेलं. बरं झालं गेलं.” अण्णांनी हे मला सांगितलं आणि वहाणा पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या.

मी त्या वहाणा घेऊन पैठण गेटजवळ एका गल्लीत गेले. तिथं फूटपाथवर बसणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्यापुढं आरी, दोरा, खिळे सगळं मांडलेलं असतं. त्यांनी वहाण हातात घेतली, वाकवली, हुंगली आणि मग माझ्याकडे पाहून विचारलं, “कंपनीकडून आलात काय?” मी चाट पडले. कपाळावर लिहिलं होतं की काय, कोण जाणे. “ताई, ह्या जाड कातड्याला माझी आरी नाही पुरायची. आता तळ रेडिमेडच येतो, आम्ही नुसता चिकटवतो.” त्यांनी शेजारच्या गोणीतला तळ दाखवला. मी तो उलटा केला. आमचा नव्हता, पण आमच्याच जातकुळीचा होता.

मग माझ्या मोठ्या भावानं क्रांती चौकातल्या एका दुकानातून अण्णांसाठी नवी जोडी आणली. भाऊ सिडकोत राहतो, कामाला चटपटीत माणूस. खोक्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, हस्तनिर्मित. मी जोडी उलटी केली. तळाच्या कडेला साच्याच्या दोन पाळ्या जिथं मिळतात तिथली रेघ दिसत होती आणि टाके असे एकासारखे एक की कुठल्याच माणसाच्या हाताला ते जमणार नाहीत.

“भाऊ, हे हाताचं नाही.”

“तुला सगळ्यात खोट दिसते.”

“कारण असते.”

“अण्णा, घाला हो तुम्ही,” भाऊ म्हणाला. “ही बाई देवाच्या पादुकासुद्धा उलट्या करून बघंल.”

अण्णांनी चपला घातल्या, हॉलमध्ये एक फेरी मारली आणि पायाकडे बघत उभे राहिले. “हलक्या हायत,” ते म्हणाले. “पण मुक्या हायत.” त्यांच्या वहाणा करकर वाजायच्या. गावात ते वळणावर असतानाच घरात कळायचं की आले.

ऑपरेशन नीट झालं. काळा चष्मा लावून अण्णा सकाळी कॉलनीतल्या बागेत फिरायला जायला लागले. एका सकाळी मी गॅलरीतून बघत होते. ते फाटकातून बाहेर पडले, आणि मला आधी काहीतरी चुकलंय एवढंच कळलं, काय ते कळलं नाही. मग पायाकडे लक्ष गेलं. डाव्या पायात उजवी चप्पल होती आणि उजव्या पायात डावी. दोन्ही चपला बाहेरच्या अंगाला तोंडं फिरवून चालल्या होत्या आणि करंगळ्या कडेवरून खाली उतरल्या होत्या.

डोळा अजून नीट नसेल, मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर चपला बरोबर होत्या. माझा जीव भांड्यात पडला. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा उलट. तेव्हा मात्र मनात शंकेची पाल चुकचुकली. आमच्या टेबलावर चूक एकदा झाली तर ती चूक. तीच चूक फिरून फिरून येत राहिली, तर साचा बिघडला असं समजायचं आणि मशीन बंद करायचं. हा नियम मी कारखान्यात कितीदा लावलाय, पण तो आपल्या बापाला लावायची वेळ कधी आली नव्हती.

मी भावाला फोन केला. त्याच्या सोसायटीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची गोष्ट त्यानं सांगितली. ते असेच आधी बटणं चुकीची लावायचे, मग एक दिवस घरचा रस्ता विसरले. “आता अण्णांना गावाला पाठवायचं नाही,” तो म्हणाला. “तिकडं एकटे असताना काही झालं तर? घराला कुलूप लावू, अद्रक कुणाला तरी वाट्यानं देऊ. इथंच राहतील, तुझ्याकडं नाहीतर माझ्याकडं.” भावाचा हेतू वाईट होता असं मला वाटलं नाही. गावचं घर रस्त्याला लागून आहे, जागेला भाव आलाय, हा विचार मनात आलाच नाही असंही नाही. तो विचारही मी उलटापालटा करून बघितला, त्यात काही सापडलं नाही, म्हणून बाजूला ठेवला.

आणि अण्णांचं रोज एकच. “डॉक्टर काय म्हणला? कदी जायचं? अद्रक निघायच्या आत मला घरी पायजे, बाई.” मी म्हणायची, बघू. बघू म्हणजे नाही, हे त्यांना कळत होतं. मला शब्द टाळताना पाहिलं की ते खिडकीकडे तोंड करून बसायचे. त्यांना या घरात काहीच कमी नव्हतं. फक्त त्यांचं घर नव्हतं, आणि ते परत मिळणार की नाही हे आता त्यांच्या पायातल्या चपलांवर ठरणार होतं. त्यांना तेवढं माहीत नव्हतं.

भावानं मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. अण्णांना आम्ही सांगितलं, तपासणी आहे. डॉक्टर गोड बोलणारे होते.

“आज वार कोणता आजोबा?”

अण्णांनी आधी डॉक्टरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “तुमाला मालूम नाय का?”

“मला माहीत आहे. तुम्ही सांगा.”

“मालूम हाय तर इचारता कामून?”

वार त्यांनी सांगितला, बरोबर सांगितला. डॉक्टरांनी शंभरातून सात वजा करायला सांगितले, तर म्हणाले, “त्या शंभरानं काय वाकडं केलं?” तरी वजाबाकी केली, तीही न चुकता. मी मनात खूश होत होते, तेवढ्यात डॉक्टरांची नजर टेबलाखाली गेली. तो उलट्या चपलांचा दिवस होता.

“हे असं रोज होतं?” त्यांनी मला विचारलं.

“दिवसाआड,” मी म्हणाले.

डॉक्टरांनी मान हलवली. अशाच बारीकसारीक गोष्टींपासून सुरुवात होते, पुढं नसत्या शंका यायला लागतात म्हणाले, गोळ्या दिल्या आणि सध्या एकटं ठेवू नका असं बजावलं. चपला अशा का घालता, हे अण्णांना कोणीच विचारलं नाही. मीही नाही. जिना उतरताना ते म्हणाले, “हा डोळ्याचा डॉक्टर नव्हता.”

त्यानंतर मी कारखान्यातली नोकरी घरीही करायला लागले. दारात अण्णांच्या चपला कशा आहेत ते रात्री झोपताना बघायची, सकाळी उठल्यावर बघायची. रात्री त्या उलट लावलेल्या असत. मी त्या सरळ करून ठेवायची, डावी डावीकडे, उजवी उजवीकडे, म्हणजे सकाळी पाय आपोआप नीट जातील. काही दिवस तसं झालंही. मी भावाला कळवलं, सुधारणा आहे. मग पुन्हा उलट दिसायला लागलं. मी उजव्या चपलेच्या पट्ट्याला आतून लाल दोरा बांधला, खुणेसाठी. दुसऱ्या दिवशी दोरा नाहीसा झाला होता.

एका संध्याकाळी भाऊ आलेला असताना अण्णा त्याला हळूच म्हणाले, “या घरात माझ्या जोड्यांना कोणतरी हात लावतंय. दोरा काय बांधतंय, जागा काय बदलतंय. करणीबिरणी तर नाय?”

भावानं माझ्याकडे बघितलं. घरी जाताना दाराबाहेर मला म्हणाला, “आता हे पण सुरू झालं. कोणीतरी वस्तूंना हात लावतं असं वाटायला लागतं, डॉक्टर म्हणालेच होते.” हात लावणारी मीच होते, आणि तेवढं सांगितलं असतं तर अर्धी भीती तिथंच संपली असती. पण मला वाटलं, दोरा मी बांधला हे खरं, तरी चपला उलट घालतात हेही खरंच ना? माणूस साप साप म्हणून भुई धोपटायला लागला की हातातली काठी खाली ठेवायचं त्याला सुचत नाही.

शेवटी पकडली मी गेले, ते नाहीत. पहाटे चहा ठेवायला उठले आणि जाता जाता दारात वाकून त्यांच्या चपला सरळ करत होते. मागून आवाज आला, “तू व्हय!”

अण्णा खोलीच्या दारात उभे होते. चष्मा नव्हता, ऑपरेशनचा डोळा अजून थोडा लाल दिसत होता. चिडलेले होते, पण त्याहून जास्त त्यांचा श्वास मोकळा झाल्यासारखा वाटत होता.

“मला वाटाया लागलं व्हतं मलाच भूल पडतीय. रातच्याला उद्याचा जोडा लावून झोपतो, अन् सकाळी उठून बघतो तर कालचाच. म्हनलं, गेलं आता डोस्कं.”

“अण्णा, उद्याचा जोडा म्हणजे?”

“म्हंजे काय! जोडा पालटून घालायचा असतो. आज ह्या पायात, उद्या त्या पायात. नायतर एका अंगाला झिजून जातो. एवढं कळत नाय आन् चपलाच्या कारखान्यात काम करती!”

मी लगेच विश्वास ठेवला असं नाही. टेबलावर रोज बघते, जोडी नापास केली की मशीनवरच्या माणसाकडे कारण तयारच असतं, आणि ते ऐकायला नेहमी पटण्यासारखं असतं. मी आत जाऊन थैलीतल्या जुन्या वहाणा काढल्या, वर्तमानपत्र सोडलं आणि त्या खिडकीजवळच्या उजेडात उलट्या केल्या. माणसाची टाच बहुतेक बाहेरच्या कडेनं झिजते. वर्षाची चप्पल बघून मी सांगू शकते, कोण कसं चालतं. या वहाणा वर्षानुवर्षं वापरलेल्या होत्या आणि दोन्ही टाचा सगळीकडून सारख्या, हातानं घासून आणल्यासारख्या झिजल्या होत्या. मी त्या शेजारी शेजारी ठेवल्या, मग जागा बदलून ठेवल्या. डावी कुठली आणि उजवी कुठली, मला सांगता येईना. त्यात डावी-उजवी नव्हतीच.

मग आठवलं. मी लहान असताना ते जोडे करणारे गृहस्थ आमच्या अंगणात माप घ्यायला येत. दोरी घेऊन येत, आणि माप फक्त एका पायाचं घेत. अण्णा ओट्यावर बसून एकच पाय पुढं करत. मला वाटायचं, दुसऱ्या पायाचं आळसानं घेत नाहीत. ते माप घरी नेऊन कातडं भिजवायचं, एकाच कातड्यातून दोन्ही तळ शेजारी शेजारी कापायचे, वादीनं शिवायचे. कुठला कुठल्या पायाचा, ते पुढं घालणारा ठरवणार, रोज नव्यानं. आमच्या कारखान्यात हे आधी साचा ठरवतो.

त्या माणसाचं कौतुक करावं असं माझ्या मनात आलं, आणि लगेच मला त्या कौतुकाचाही संशय आला. ते ओट्याच्या खाली, मातीत बसून माप घेत. वर कोणी बोलावत नव्हतं. पाणी वरून ओंजळीत ओतलं जाई. मोठी माणसं ‘पायीची वहाण पायीच बरी’ म्हणायची ती फक्त वहाणेबद्दल नव्हे, हे मला फार उशिरा कळलं. आता शहरात लोक ‘हातानं केलेलं’ म्हणून दुप्पट किमतीला चपला घेतात आणि खोक्यावरची अक्षरं वाचून खूश होतात. तो हात तेव्हा कोणाला घरात चालत नव्हता. मुलगा म्हणाला, बरं झालं गेलं, ते उगीच नाही म्हणाला. आणि खरं सांगायचं तर त्या वहाणा नव्या असताना टाच सोलून काढायच्या, एरंडेल चोळचोळून मऊ कराव्या लागायच्या, पावसात भिजल्या की घरभर वास सुटायचा.

मी अण्णांना म्हणाले, “पण ह्या नव्या चपलांना डावा-उजवा असतो हो. साच्यातच असतो. उलट घातल्या की पाय दुखतो.”

“दिसतंय मला. दोन डोळे हायत आता. बोटं बी दुखत्यात, नाय कामून म्हनू? पन पाय माझा हाय ना? चपलेनं पायाला सांगायचं, का पायानं चपलेला?”

मला हसू आलं, आणि रडूही. बापाचं डोकं ठिकाणावर होतं. त्या पहाटे मला झालेला आनंद सांगता येणार नाही. चहा उतू गेला तरी मी तिथंच उभी.

उजाडल्यावर भावाला फोन करून सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “तुला पटलं?”

“वहाणा बघितल्या ना मी.”

“अगं, जुनी सवय असेल तेव्हाची. पण आता समोर धडधडीत डावा-उजवा दिसत असून उलट घालायचं, बोटं दुखेपर्यंत, हे ठीक आहे का? कारणं सगळ्यांकडं तयार असतात. तूच म्हणतेस ना हे?” मीच म्हणते. माझंच वाक्य त्यानं माझ्या पुढ्यात टाकलं. “रविवारी येतो,” तो म्हणाला. “त्यांना जरा बघतो. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, फरक दिसला तर जाऊ देत गावाला. नाही दिसला तर विषय संपला.”

शनिवारी मी अण्णांजवळ जाऊन बसले. “अण्णा, उद्या भाऊ येईल. उद्याच्या दिवस चपला सरळ घाला.”

“उद्या पालटायचा दिवस हाय.”

“माहीत आहे. पण त्याच्यासमोर सरळ घाला. मग तो जाऊ देईल.”

“म्हंजे खोटं करू?”

“खोटं नाही हो. नुसतं दिसायला बरोबर.”

मी काय बोलले ते मला बोलल्यावर ऐकू आलं, पण दुसरा मार्ग दिसत नव्हता. अण्णा एवढंच म्हणाले, “बरं.”

रविवारी भाऊ सोफ्यावर बसला होता. अण्णा आतून आले, दारात उभे राहून त्यांनी चपला घातल्या. घालताना एकदा खाली बघितलं, एकदा माझ्याकडे. डावी डाव्या पायात, उजवी उजव्या. जिन्यापर्यंत गेले, परत आले. भाऊ हसला. “बघ, गोळ्यांचा गुण आला की नाही?” मी मान डोलावली. अण्णांनीही डोलावली. आम्ही दोघांनी मिळून एका शहाण्या माणसाला शहाणा म्हणून पास करून घेतलं होतं, आणि त्यासाठी त्याला थोडं खोटं वागावं लागलं होतं.

त्याच आठवड्यात मी त्यांना बसस्थानकावर नेऊन गावाकडं जाणाऱ्या कन्नडच्या गाडीत बसवलं. अण्णा खिडकीतून म्हणाले, “फिकीर करू नको, बाई.” गाडी सुटेपर्यंत मी खाली उभी होते. अद्रक काढायच्या आत ते घरी पोचले. मला वाटलं, सुटलो. आमच्या दोघांत काही आडपडदा राहिला नाही; त्यांचं मला कळलं, माझं त्यांना कळलं.

मध्यंतरी काम फार होतं, गावाला जाणं झालं नाही. गेल्या महिन्यात सुट्टी पडली, तेव्हा न कळवताच गेले. फाट्यावर उतरून चालत गल्लीत शिरले. लांबूनच दिसलं, अण्णा ओट्याच्या कडेवर बसले होते, पाय खाली सोडून, शेजाऱ्याशी काहीतरी बोलत होते. मोठ्यानं हसले. तब्येत सुधारलेली दिसत होती. पायात त्याच चपला, आणि त्या उलट घातलेल्या. मला इतकं बरं वाटलं की मी चालण्याचा वेग वाढवला.

तेवढ्यात त्यांनी मला बघितलं. हसू थांबलं. शेजाऱ्याकडे बघतच त्यांनी दोन्ही पाय चपलांतून काढले, पायाच्या बोटांनीच चपला इकडच्या तिकडं सरकवल्या आणि पुन्हा पाय घातले. डावा डाव्यात, उजवा उजव्यात. वर न बघता, इतक्या सफाईनं, की त्यांना त्याची सवय झाली आहे हे मला कळलं. गावातलं कोणी शहरातून येताना दिसलं तरी ते असं करत असणार.

“ये बाई,” ते म्हणाले. “एकटीच आलीस?”

“व्हय अण्णा. एकटीच.”

त्यांनी माझ्या मागं गल्लीच्या टोकापर्यंत बघितलं. कोणी नव्हतं. मला वाटलं, आता हसतील, आता पालटतील. मी तिथंच ओट्याखाली उभी राहून वाट बघत होते.

“पाणी पी आधी,” ते म्हणाले, आणि चपला तशाच सरळ ठेवून आत गेले.